अडत्या कुणाचा?

परवा शाहूपुरीत एक जुना विद्यार्थी भेटला. भर रस्त्यात वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, ओळखलासा काय?" चेहरा ओळखीचा, पण नाव काही आठवेना. सत्तरी ओलांडली की हे असं चालायचंच! शेवटी त्यानंच नाव सांगितलं.

"काय करतोस रे सध्या?"

"एम्प्लॉयी बेनिफिट्स ब्रोकर आहे, बाई."

मी पडले मराठीची बीए. त्यातला 'ब्रोकर' तेवढा कळला आणि तोंडून निघून गेलं, "म्हणजे दलाल?"

बिचाऱ्याचा चेहराच उतरला. मला फार वाईट वाटलं. म्हणून रविवारी चहाला बोलावलं आणि म्हटलं, आता मला नीट समजावून सांग. वर्गात मी सांगायची आणि तो ऐकायचा, आता उलटं.

त्यानं सांगितलं ते असं. विमा एजंट हा विमा कंपनीचा माणूस. ब्रोकर मात्र नियमानं गिऱ्हाइकाचा. आपल्या देशात विमा ब्रोकरचे नियम 2002 साली आले, तेव्हापासून हा धंदा रीतसर सुरू झाला. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतल्या कामगारांचा गटविमा काढून देणं हे त्याचं काम. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर कामगार ईएसआयमध्ये येतो. त्याच्या वर गेला की ईएसआय सुटते. मग मालकानं सामुदायिक मेडिक्लेम काढला असेल तर तो, नाहीतर काही नाही. चार कंपन्यांकडून दर आणायचे, अटी वाचायच्या, कुणी दवाखान्यात गेला की कागद पुढे सरकवायचे, हे ब्रोकर करतो.

"आणि तुझे पैसे?"

"हप्त्यातनं कमिशन. ते विमा कंपनी देते."

मला एकदम माहेरचं गुऱ्हाळ आठवलं. वडील गुळाचे रवे बैलगाडीत घालून याच शाहूपुरीत अडत्याकडे आणायचे. अडीनडीला तोच अडत्या उचल द्यायचा, म्हणून वडील त्याला मानायचे. पण सौद्याच्या वेळी तो आपला की व्यापाऱ्याचा, हे कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. अडत मात्र आमच्याच पट्टीतून कापली जायची. पुढे 2016 साली सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं, तेव्हा वडील हयात नव्हते.

म्हणून मी त्याला विचारलं, "तू कुणाच्या बाजूचा?"

"सांगितलं की बाई, गिऱ्हाइकाच्या."

"गिऱ्हाईक कोण?"

"मालक."

"आणि आजारी पडतो तो?"

यावर तो जरा गप्प झाला. मग एका कारखान्याची हकिकत सांगितली. नाव काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शंभर-सव्वाशे माणसांचा कारखाना. एका वर्षात हृदयाच्या दोन शस्त्रक्रिया आणि एक मोठा अपघात झाला. सामुदायिक विम्यात पुढचा हप्ता ठरतो तो मागच्या वर्षी किती रक्कम द्यावी लागली त्यावर. साहजिकच हप्ता भरमसाट वाढला. मालक म्हणाले, कमी कर. यानं मार्ग काढला... कामगारांचे आई-वडील यादीतून काढले. हप्ता आवाक्यात आला. ऑफिसला इंग्रजीत ई-मेल गेला. कामगारांना कुणी काही सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी एका सुपरवायझरची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. तो जुनं कार्ड घेऊन दवाखान्यात गेला, तर यादीत आईचं नावच नाही! पतपेढीचं कर्ज काढून शस्त्रक्रिया केली. गंमत बघा, आदल्याच वर्षी त्याचा पगार 21,000 च्या वर गेला होता. ईएसआयमध्ये असता तर अवलंबून असलेल्या आईलाही उपचार मिळाले असते. पगारवाढीचे पेढे वाटले होते म्हणे त्यानं.

"बाई, खरं बघितलं तर चूक कुणाचीच नव्हती," तो म्हणाला.

मला हे पटलं नाही, आणि मी तसं बोलून दाखवलं. मालकाची अडचण मी समजू शकते. ऑर्डरी कमी झाल्या की पगाराचीच ओढाताण, त्यात हप्ता कुठून भरणार? ब्रोकरचीही समजू शकते. हप्ता कमी झाला की त्याचं कमिशनही घटतं, तरी तो कमी करतो, कारण उद्या दुसरा ब्रोकर स्वस्त दर घेऊन दारात उभाच. सगळे आपापल्या जागी बरोबर. पण त्या टेबलाशी त्या आईच्या बाजूचं कोण होतं? आणि निदान सांगायला काय पैसे पडत होते? आधी कळलं असतं तर आई-वडिलांपुरता हप्ता स्वतःच्या पगारातून भरायला कित्येक जण तयार झाले असते. तशी सोय अनेक गटविम्यांत असते, हे त्यानंच मला सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच, की जी सवलत कामगाराला माहीतच नाही ती असून नसल्यासारखी. प्रॉव्हिडंट फंडाचंच घ्या. सभासद नोकरीत असताना वारला तर त्याच्या वारसाला विम्याचे पैसे मिळतात, 2021 पासून जास्तीत जास्त 7 लाख. त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापत नाहीत. हे किती घरांत माहीत आहे? आज जेवताना आपापल्या घरी विचारून बघा. मीही इतकी वर्षं पगारातून गटविम्याचे पैसे कापलेले बघितले, पण त्यात काय मिळतं हे कधी विचारलं नाही. शिकलेल्या बाईची ही तऱ्हा!

म्हणून त्याला म्हटलं, वर्षातून एकदा पाळी बदलताना कामगारांसमोर उभा राहा. काय आहे, काय काढलं, नोकरी सुटल्यावर काय उरतं, हे मराठीत सांग. एका पानाचा कागद भिंतीवर लाव. नूतनीकरणाच्या बैठकीला एक कामगार बसव.

"मालकांना आवडेल की नाही, सांगता येत नाही," तो म्हणाला. खरं होतं ते. जरा वेळानं म्हणाला, "कागद मात्र तुम्ही लिहून द्या, बाई. माझं मराठी तुम्हाला माहीतच आहे."

दोन दिवस बसून लिहिला. 'को-पे'ला 'बिलातला तुमचा वाटा' असं लिहिलं. खोलीभाड्याची मर्यादा समजून घ्यायला तीनदा फोन केला. मर्यादा 3,000 ची असताना 6,000 ची खोली घेतली, तर डॉक्टरांच्या फीसारखे खर्चही बहुधा निम्मेच मिळतात! हे मला या वयात कळलं. ते जाड अक्षरात लिहिलं. सगळ्यात वर मात्र एकच ओळ घातली : 'यंदा यादीत कोण आहे आणि कोण नाही.'

कागद तो घेऊन गेला आहे. नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे. भिंतीवर लागला की कळवतो म्हणालाय. बघू या.