गिटारची जवारी

आमच्यासारख्या इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांकडे महाविद्यालयात दोन दृष्टींनी पाहिले जाते. प्राध्यापक मंडळी म्हणतात, "हा मुलगा वाजवतो कमी आणि बटणे फिरवतो जास्त." मित्रमंडळी विचारतात, "नवा पेडल कुठला घेतलास?" पहिल्यांच्या मते टोनचा शोध हे एक खूळ आहे. दुसऱ्यांच्या मते टोन ही दुकानात मिळणारी वस्तू आहे. मला वाटते, दोघेही चुकतात. मी स्वतः बरेच दिवस दुसऱ्या पंथात होतो आणि त्याची किंमत मी एकट्यानेच भरली असे नाही, म्हणून हे लिहावयाचे आहे.

प्रथम प्राध्यापकांच्या आक्षेपाकडे वळू. साध्या गिटारला लाकडी पोकळी असते. तारेचा नाद त्या पोकळीत घुमतो आणि बाहेर येतो. इलेक्ट्रिक गिटारचे तसे नाही. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींचे अंग भरीव असते. तारांखाली एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरडेने 1831 साली दाखवून दिलेले हे तत्त्व अमेरिकेत रिकनबॅकरच्या गिटारमधून 1932 साली बाजारात आले. हा प्रवाह वायरीतून ॲम्प्लिफायरकडे जातो, तेथे मोठा होतो आणि स्पीकरच्या कागदी शंकूला हलवतो. याचा अर्थ असा की, या वाद्याचा भोपळा हातातल्या लाकडात नसून पलीकडच्या ॲम्प्लिफायरमध्ये आणि स्पीकरमध्ये आहे. मग वादकाने तिकडची बटणे फिरवली तर तो वाजवणे टाळतो आहे असे कसे म्हणावे? तो वाद्यच जुळवीत असतो.

आपल्याकडे हे कोणाला नवे वाटू नये. मिरजेच्या कारागिरांनी केलेला तंबोरा घ्या. त्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवलेला असतो. तो धागा तांदळाच्या दाण्याएवढा पुढेमागे झाला तरी नाद मिटतो किंवा उमलतो. त्यालाच आपण जवारी लागली असे म्हणतो. मैफलीपूर्वी गवई दहा-पंधरा मिनिटे तंबोऱ्याशी झटापट करतो तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी, "हा गातो कमी आणि धागा सरकवतो जास्त," असे म्हणत नाही. तंबोरे लागल्याशिवाय बुवा तोंड उघडत नाहीत याचे आपण कौतुकच करतो. गिटारवाल्याचे बटण हा त्याचा सुताचा धागा आहे, एवढीच माझी विनंती.

किंबहुना या वाद्याचा इतिहास पाहिला, तर त्याचे अनेक नामांकित आवाज खटाटोपातून, कधी कधी तर निव्वळ बिघाडातून जन्मलेले दिसतात. लिंक रे या वादकाने 1958 सालच्या ‘रम्बल’साठी स्पीकरच्या शंकूला पेन्सिलीने भोके पाडली, असे सांगतात. ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने 1964 साली आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरचा शंकू पात्याने चिरला. मार्टी रॉबिन्सच्या 1961 सालच्या एका गाण्यात मिक्सरचा एक भाग बिघडला आणि तारेचा आवाज घोगरा, फाटका उमटला. ध्वनिमुद्रकाला तो टाकून द्यावा असे न वाटता, तसाच आवाज मुद्दाम काढता यावा असे वाटले. त्यातून पायाने दाबावयाची ‘फझ’ नावाची डबी निघाली आणि 1962 साली ती विक्रीस आली. पुढे 1965 साली ‘रोलिंग स्टोन्स’च्या कीथ रिचर्ड्‌सने ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात ती वापरली. तीदेखील तुताऱ्यांची जागा तात्पुरती भरून काढण्यासाठी. तुताऱ्या आल्याच नाहीत आणि तो फाटका आवाज जगभर गेला.

आवाज ‘फाटतो’ म्हणजे काय होते? ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून मोठी लहर आत गेली की तिचा माथा छाटला जातो. छाटलेल्या लहरीत मूळ सुराबरोबर नवे उपस्वर उगवतात. आवाज दाट होतो, लांबतो, खरखरतो. पण अशा आवाजात तीन-चार सुरांचा कॉर्ड वाजवला, तर ते सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणून रॉकवाले बहुधा दोनच सूर धरतात, षड्ज आणि पंचम. आपला तंबोरा ज्या नात्यावर जुळतो, तेच नाते तिकडे हजारो वॅटच्या गोंगाटात टिकून उभे राहते. हे समजले त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

येथपर्यंत मी गिटारवाल्यांचा वकील होतो. आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

मागील स्नेहसंमेलनात आमच्या वाद्यवृंदाला दोन गाणी मिळाली होती. त्याआधीचे चार महिने मी माझ्या खोलीत टोन शोधत होतो. आजकाल शोधासाठी घराबाहेर पडावे लागत नाही. मोबाइलमधल्या एखाद्या ॲपमध्येसुद्धा डझनावारी ॲम्प्लिफायरांच्या नकला मिळतात. मी त्या सर्व ऐकल्या. पैसे साठवून दोन जुने पेडल घेतले. तिसऱ्यासाठी मात्र वाद्यवृंदाच्या सामायिक निधीतून रक्कम उचलली. मित्रांना विचारले, पण उत्तराची वाट पाहिली नाही. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज बारीक ठेवून मी खर्ज चढवला, तीव्र स्वर चढवले, मधली पट्टी जवळजवळ शून्यावर आणली. काय तो नाद! भिंतीसारखा रुंद आणि काचेसारखा चकचकीत. मला वाटले, सापडला.

संमेलनाच्या रात्री पहिल्या कडव्यालाच मला माझी गिटार ऐकू येईना. खर्ज बास गिटारने आणि ढोलाने गिळला, वरचे स्वर झांजांनी खाल्ले, आणि मध्ये माझे काहीच नव्हते. मी घाबरलो आणि घाबरलेला गिटारवाला करतो तेच केले: आवाज वाढवला. पुन्हा वाढवला. आमच्या गायिकेला स्वतःचा गळा ऐकू येईनासा झाला. ती ताणून गाऊ लागली, वरच्या षड्जावर तिचा आवाज चिरकला आणि मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. ते गाणे कसेबसे संपले. दुसरे गाणे तिने गायले नाही. ती विंगेत उभी राहिली आणि आम्ही ते नुसते वाद्यांवर वाजवले. घरी जाताना ती एवढेच म्हणाली, "तुझा टोन छान होता रे. आमच्यापैकी कोणाचाच उरला नाही."

असे का झाले, हे मी नंतर वाचले. माणसाच्या कानाला बारीक आवाजात खर्ज कमी ऐकू येतो. आवाज मोठा केला की तोच खर्ज फुगतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनी 1933 सालीच हे मोजून मांडले आहे. म्हणजे रात्री खोलीत बसवलेला टोन मंचावर तोच राहत नाही. शिवाय मधली पट्टी हीच गिटारची खरी वस्ती. ती रिकामी केली की वादक एकटा असताना सुंदर वाटतो आणि चारचौघांत हरवतो. परंतु हे ज्ञान नव्हते म्हणून चूक झाली असे म्हटले तर ते अर्धसत्य होईल. चार महिन्यांत मी एकदाही माझा टोन इतरांबरोबर ऐकला नव्हता, ही खरी चूक. पंधरा मिनिटे तंबोरा लावणारा गवई तो स्वतःच्या कौतुकासाठी लावत नाही; त्यावर गाणे उभे राहावयाचे असते. मी तंबोरा लावला आणि गाणाऱ्यालाच खाली बसवले.

म्हणून माझे मत असे की, प्रयोग जरूर करावेत. पण त्यांना प्रयोग म्हणवून घ्यावयाचे तर प्रयोगशाळेची शिस्तही हवी. आमचे विज्ञान शाखेचे मित्र एका वेळी एकच गोष्ट बदलतात. आम्ही पेडल, तारा आणि ॲम्प्लिफायर एकदम बदलतो आणि मग फरक कशामुळे पडला हे जन्मभर शोधत बसतो. दुसरे, फुकटाच्या गोष्टी आधी कराव्यात. तार घोडीजवळ छेडली की आवाज धारदार येतो आणि मानेकडे छेडली की गोल. प्लेक्ट्रम जाड की पातळ, यानेही आवाज बदलतो. गिटारवरचे आवाजाचे बटण थोडे मागे घेतले तर फाटलेला आवाज पुष्कळसा निवळतो. पिकअप दोन-तीन वळसे खाली नेला तरी फरक कळतो. घरातल्या विजेची पन्नास हर्ट्‌झची गुणगुण फार त्रास देत असेल, तर दोन वेढ्यांचा हंबकर पिकअप ती गुणगुण आपसांत छाटून टाकतो. पण त्याहीआधी ट्यूबलाइटपासून चार पावले दूर उभे राहून पाहावे; त्यास पैसे पडत नाहीत.

येथे कोणी म्हणेल की, "सगळे बोटांत असते, पेडल हवेत कशाला?" हेही मला मान्य नाही. बोटांत खूप असते, सगळे नसते. ब्रायन मे या इंग्रज वादकाचे उदाहरण बोलके आहे. पैसे नव्हते म्हणून त्याने आणि त्याच्या वडिलांनी 1963 साली घरीच गिटार करावयास घेतली. लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे, स्प्रिंगा मोटारसायकलच्या. प्लेक्ट्रमऐवजी तो सहा पेन्सचे नाणे वापरतो. त्याचा सहकारी जॉन डीकन याने कचऱ्यात सापडलेल्या सर्किटापासून बॅटरीवर चालणारा एक लहानसा ॲम्प्लिफायर जोडला, आणि ‘क्वीन’च्या कितीतरी गाण्यांतली गिटारींची झुंड त्यातूनच आली. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तेथील ‘हेक्टिक्स’ नावाच्या वाद्यवृंदात पियानो वाजवणारा फ्रेडी मर्क्युरी ज्या टोनशेजारी उभा राहून गायला, तो हा टोन. बोटे ब्रायन मेचीच, पण नाणे, लाकूड आणि ती कचऱ्यातली डबी काढून घेतली तर तो आवाज तसाच राहील असे मला वाटत नाही. आणि ध्यानात घेण्याजोगे हे की, एवढ्या दाट गिटारींच्या झुंडीतही गाणाऱ्याचा शब्द हरवत नाही.

आपल्याकडेही वेगळे काय आहे? 1971 सालच्या ‘दम मारो दम’मध्ये भूपिंदर सिंग यांची गिटार आठवा. तिने आशाबाईंसाठी वाट करून दिली, वाट अडवली नाही.

शेवटी दोन सूचना. आपल्या संगीत मंडळाने ग्रंथालयासारखी एक पेटी ठेवावी. ज्याच्याकडे जो पेडल वापराविना पडून आहे तो त्याने त्यात ठेवावा. इतरांनी आठवडाभरासाठी नेऊन वापरून पाहावा. प्रत्येकाने प्रत्येक वस्तू विकत घेऊन मग पस्तावण्याचे कारण नाही. निधीतून आणलेला तो तिसरा पेडल मी पेटीत पहिला ठेवला आहे आणि त्याची रक्कम हप्त्याने परत करीत आहे. दुसरे, संमेलनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक वाद्यवृंदाला अर्धा तास मंच मिळावा. खरा मंच, खरा आवाज, आणि शेवटच्या बाकावर बसून ऐकणारा एक तरी माणूस.

गेल्या महिन्यात तालमीला मी आमच्या त्या गायिकेला बोलावले. गाण्यासाठी नव्हे, शेवटच्या बाकासाठी. सहज आली नाही. दोनदा बोलवावे लागले. मी मधली पट्टी चढवली, खर्ज उतरवला, फाटका आवाज निम्म्याखाली आणला. खोलीत ऐकला असता तर तो टोन मला नाकातून बोलल्यासारखा वाटला असता. आमच्या ढोलवाल्याने कडवे म्हटले. त्याला गाता येत नाही, पण शब्द तरी होते. ती हात वर करून म्हणाली, "अजून थोडा कमी." मी कमी केला. "आता शब्द कळतात," ती म्हणाली.

गिटारबद्दल ती काहीच बोलली नाही. मी बटणांच्या जागा वहीत लिहून घेतल्या.