जुलाब दोन आठवड्यांवर गेले? गोळी घेऊन दाबू नका, तपासणी करा!

पावसाळ्यात पोट बिघडणं ही घरोघरची गोष्ट. दोन दिवस ताकभात खाल्ला की बहुतेकांचं पोट ताळ्यावर येतं. पण एचआयव्हीसह जगणारे, किडनी किंवा लिव्हर प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांचं तसं होत नाही. हे आवाहन त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आहे.

क्रिप्टोस्पोरिडियम, सिस्टोआयसोस्पोरा, मायक्रोस्पोरिडिया ही आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींची नावं. धडधाकट माणसाच्या पोटात शिरले तरी त्याचं शरीर बहुधा त्यांना निपटून काढतं. एचआयव्हीत प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या की ते आतड्यात ठाण मांडतात. मग दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब होतात, महिनाभरात कपडे सैल होतात, गालफडं बसतात आणि घरातले म्हणतात, 'बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल.' शिवाय जुलाबांमुळे प्रत्यारोपणाच्या काही औषधांची रक्तातली पातळीही बिघडते.

पहिली विनंती: मेडिकलमधून जुलाब बंद करणारी गोळी स्वतःहून आणू नका. गोळीने संडासच्या फेऱ्या कमी होतात, परजीवी मात्र जागेवरच राहतो. जुलाब १४ दिवसांपेक्षा जास्त चालले, वजन उतरलं, ताप आला किंवा रक्त पडलं तर लगेच डॉक्टर गाठा. लघवी कमी झाली, उठताना चक्कर आली तर तासभरही थांबू नका. तोपर्यंत जलसंजीवनी पाजत राहा. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, छोटा.

दुसरी विनंती: डॉक्टरांपासून काही लपवू नका. 'एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू आहे', 'किडनी बदलली आहे' असं एक वाक्य उपचाराची दिशा बदलतं. नेहमीच्या शौच तपासणीत हे परजीवी सहज निसटतात. यातल्या क्रिप्टोस्पोरिडियम आणि सिस्टोआयसोस्पोरासाठी टीबीच्या थुंकीला वापरतात त्याच पद्धतीचं, थोडं बदललेलं रंजन करावं लागतं. मग निळ्या पार्श्वभूमीवर क्रिप्टोस्पोरिडियमचे गुलाबी-लाल गोल ठिपके उठून दिसतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर या तपासणीचा स्पष्ट उल्लेख केला नाही, तर लॅबवाले ती करतीलच असं नाही. म्हणून तुम्ही विचारा. एक नमुना निर्दोष आला म्हणून विषय संपत नाही. वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्या.

नेमका परजीवी कळला तर उपचार आहे. सिस्टोआयसोस्पोरावर कोट्रायमोक्साझोल ही जुनी, स्वस्त गोळी चालते. क्रिप्टोस्पोरिडियमवर तसा हुकमी इलाज नाही. एचआयव्हीत तिथे खरा उपाय म्हणजे एआरटी नियमित घेऊन प्रतिकारशक्ती सावरणं. म्हणून जुलाबांना कंटाळून एआरटीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. स्टेरॉइड सुरू होणार असेल आणि शेतात अनवाणी वावर असेल तर तेही आधी डॉक्टरांना सांगा. मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरणारा स्ट्रॉन्जिलॉइडिस हा कृमी वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि स्टेरॉइड मिळताच अंगभर पसरून जिवावर उठू शकतो.

तिसरी विनंती पाण्याची. तुरटी फिरवली, क्लोरीनचे थेंब टाकले की पाणी शुद्ध झालं, हा समज इथे घात करतो. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख लोक आजारी पडले; दगावलेल्यांत बहुतेक एड्सचे रुग्ण होते. क्लोरीन इतर जंतूंसाठी हवंच, पण अशा रुग्णाचं पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळा आणि झाकून ठेवा. रस्त्यावरचा बर्फ, उसाचा रस, चिरून ठेवलेली फळं, कच्ची कोथिंबीर त्याला देऊ नका. हा परजीवी वासरांकडूनही येऊ शकतो, म्हणून गोठ्यात वासराला हगवण लागली असेल तर तिथली साफसफाई घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावी. संडासहून आल्यावर आणि जेवणापूर्वी साबणानेच हात धुवा. सॅनिटायझर क्रिप्टोस्पोरिडियमवर चालत नाही.

डॉक्टरांनाही विनंती: लांबलेल्या जुलाबाच्या रुग्णाला, त्याचा मान राखून, एचआयव्ही चाचणीबद्दल विचारा. सरकारी केंद्रांत चाचणी आणि एआरटी दोन्ही मोफत आहेत, आणि माहिती गोपनीय ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

तुमच्या घरात, वाडीत, सोसायटीत असं कुणी आठवडे-आठवडे झिजत असेल तर नवस-उतारे आणि कुजबुज बाजूला ठेवा. उद्या सकाळी नमुन्याची डबी घेऊन त्याच्यासोबत दवाखान्यात जा.