प्रस्थानाची तारीख

पोटासाठी परमुलुख गाठणे ही सातारा-सांगलीच्या माणसाला नवी गोष्ट नव्हे. खटाव-माण आणि खानापूर-आटपाडी या अवर्षणाच्या पट्ट्यातून सोन्याचांदीच्या गलाईचे काम शिकून निघालेली कुटुंबे हिंदुस्थानातील लहानमोठ्या सराफकट्ट्यांवर केव्हाच स्थिरावली. पाटण-जावळीच्या डोंगरकपारीतील तरुणांनी मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या गाठल्या. आणि अपशिंग्यासारख्या एका गावाने पहिल्या महायुद्धात आपले 46 शिपाई गमावले, तेही घरापासून सहस्रावधी मैलांवर चाललेल्या एका लढाईसाठी. या सर्वांच्या मागे घरी राहिलेल्यांना वाट पाहावी लागे ती पत्राची आणि मनीऑर्डरची. सरकारदरबारी त्यांच्या जाण्याची विशेष दखल घेण्याचे कारण पडत नसे. आज सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून बाहेर पडलेला अभियंता, डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली दवाखाना उघडल्यापासून रुग्णसेवेची परंपरा जपणाऱ्या मिरजेत शिकलेली परिचारिका, किंवा विट्याच्या आयटीआयमधून तारतंत्रीचे प्रमाणपत्र घेतलेला मुलगा जेव्हा दुबई, म्युनिक वा सिडनीची वाट धरतो, तेव्हा मात्र त्याच्या एका पावलाबरोबर प्राप्तिकर, परकीय चलन, बँक, महसूल आणि भविष्यनिर्वाह निधी अशा अनेक दफ्तरांतील त्याची स्थिती बदलते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केल्यापासून तर तालुक्याच्या गावीही जर्मन भाषेच्या वर्गांची चौकशी होऊ लागली आहे.

या अंकाचे निमित्त हेच आहे. आपल्या करसल्लागारीच्या व्यवसायातील बहुतेकांचा अनुभव असा की, पक्षकार सल्ल्यासाठी येतो तो जाऊन आल्यावर. म्हणजे पहिल्या सुट्टीत, विवरणपत्राची मुदत तोंडावर आली असता, किंवा कर विभागाची नोटीस वडिलांच्या हाती पडल्यावर. व्हिसा, तिकीट, वैद्यकीय तपासणी, सत्काराचा नारळ, ग्रामदैवताचे दर्शन या सर्वांस वेळ मिळतो. करसल्लागाराची आठवण मात्र शेवटी होते. याचा दोष पक्षकारावर टाकून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. ज्या घराचे विवरणपत्र आपण दहा वर्षे भरीत आलो, त्या घरातील मुलगा परदेशी निघाला आहे ही वार्ता सबंध पेठेला ठाऊक असताना आपल्याला ठाऊक नसते, असे क्वचितच घडते. ठाऊक असूनही आपण त्यास बोलावीत नाही, कारण वर्ष सरल्यावर हिशोब मांडण्याची आपल्याला सवय जडली आहे. परदेशगमनाच्या बाबतीत ही सवय पक्षकाराच्या मुळावर येते, कारण येथे जे काही करता येण्यासारखे असते ते जवळजवळ सर्व निघण्यापूर्वीच करता येते.

त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे निघण्याची तारीख. भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडतो त्या वर्षी त्याचे भारतातील वास्तव्य 182 दिवसांहून कमी भरले, तर तो त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो आणि त्याचे परदेशातील वेतन भारतात करपात्र होत नाही. 182 दिवस भरले, तर मात्र तो निवासी, आणि जगाच्या पाठीवर कोठेही मिळवलेले त्याचे उत्पन्न भारताच्या हिशोबात येते. वर्ष 1 एप्रिलला सुरू होते, निघण्याचा दिवसही वास्तव्यात धरणे शहाणपणाचे असते, तेव्हा त्या वर्षी आधी देशाबाहेर न गेलेल्या माणसाने 28 सप्टेंबरपर्यंत विमान धरले तर 181 दिवस होतात. 29 ला धरले तर 182. यंदा अधिक ज्येष्ठामुळे सण पुढे सरकले आहेत: गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 25 ला, पाठोपाठ पितृपक्ष, आणि दसरा 20 ऑक्टोबरला. आपल्याकडील घरांची रीत आपण जाणतो. गणपती सोडून मुलगा जायचा नाही, पितृपक्षात त्याला घराबाहेर काढायचे नाही, आणि सीमोल्लंघनासारखा मुहूर्त असताना तो का सोडावा, असा विचार आजी मांडणार आणि सारे घर मान डोलावणार. परिणामी मुलगा 21 ऑक्टोबरला निघतो. त्याचे 204 दिवस भरलेले असतात.

याची किंमत आकड्यांत मांडून पाहू. समजा, एका अभियंत्यास वर्षाच्या पूर्वार्धात येथील नोकरीचे पाच लाख रुपये मिळाले आणि उत्तरार्धात दुबईत बारा लाख. संयुक्त अरब अमिरातीत वैयक्तिक प्राप्तिकर नाही. तो अनिवासी ठरला तर येथील पाच लाखांवर, नव्या करप्रणालीतील 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन, उपकरासह 1,300 रुपये कर होतो. तो निवासी ठरला तर सतरा लाखांवर हिशोब होतो आणि कर निघतो 1,30,000 रुपये. आणि दुबईत कर भरलेला नसल्यामुळे त्यापोटी येथे वजा मिळण्यासारखेही काही नसते. दोन तारखांमध्ये जेमतेम तीन आठवड्यांचे अंतर, आणि करात शंभर पटींचे. तथापि प्रत्येकाला ‘28 सप्टेंबरपूर्वी नीघ’ असे सांगत सुटणे हाही सल्ला नव्हे. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर माफ होण्याची सवलत फक्त निवाशास आहे. त्यामुळे ज्याचे येथील आणि तेथील मिळून उत्पन्न त्या मर्यादेत राहते अशा फिटरला किंवा वाहनचालकाला निवासी राहूनही कर द्यावा लागत नाही, आणि त्याने आजीचे मन मोडण्याचे कारण नाही. ज्याला तारीख पाळणे भाग आहे त्याच्या घरासाठी जुनी सोय आहेच: मुहूर्तावर शेजारच्या घरी प्रस्थान ठेवून प्रत्यक्ष प्रवास सोयीच्या दिवशी करण्याची रूढी आपल्या आज्या-पणज्यांनीच घालून दिलेली आहे. गणपतीत प्रस्थान ठेवावे. कर विभाग पारपत्रावरील शिक्का पाहतो.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या अधिनियमाची जागा 2025 च्या प्राप्तिकर अधिनियमाने घेतली. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ ही जोडगोळी जाऊन एकच ‘कर वर्ष’ आले, कलमांचे क्रमांक बदलले. निवासित्वाच्या कसोट्यांचा गाभा मात्र तोच राहिला आहे. 2020 पासून आलेली ‘मानीव निवासी’ ही तरतूद ऐकून आखाती देशांत गेलेल्यांची कुटुंबे अजूनही घाबरतात. ती भारतातील उत्पन्न पंधरा लाखांवर असून कोणत्याच देशात करदायी नसलेल्यांसाठी आहे, आणि आखातात प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्यांना गोवण्याचा तिचा हेतू नाही, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 2 फेब्रुवारी 2020 रोजीच केला होता.

वेतन कोठे जमा होते हा प्रश्न मात्र सर्वांना लागू आहे. अनिवाशाचे परदेशातील वेतन करमुक्त राहते ते परदेशात मिळाल्यास. मालकाने ते परस्पर येथील खात्यात पाठवले, तर ते भारतात प्राप्त झाले असा अर्थ निघून वाद उभा राहतो. परदेशगामी जहाजांवरील खलाशांपुरता हा वाद मंडळाने 2017 च्या परिपत्रकाने मिटवला, पण किनाऱ्यावर नोकरी करणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये. आधी तेथे खाते, तेथे वेतन, मग घरी रक्कम, हा क्रम नियुक्तिपत्रावर सही होण्यापूर्वीच ठरवून घ्यावा. जर्मनीला जाणाऱ्यास आणखी एक गोष्ट सांगावी लागते. तेथे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर; वेतनातून कर तर कापला जातोच, शिवाय निवृत्तिवेतनाच्या 18.6 टक्के वर्गणीचा अर्धा भाग आणि आरोग्यविम्याचा हप्ताही कापला जातो, त्यामुळे करारातील ढोबळ आकडा आणि हाती येणारी रक्कम यांत मोठी तफावत पडते. विवाहित पुरुष पुढे गेला आणि पत्नी काही महिने सांगलीतच राहिली, तर तेथील कर-वर्गवारीत तो एकट्या माणसासारखा धरला जातो. कर्जाचा हप्ता ठरवताना घरच्यांनी हा काळ लक्षात घेतला पाहिजे. उभय देशांतील सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून अंमलात असल्याने दोन्हीकडील सेवाकाळ निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी एकत्र मोजता येतो, सबब निघताना भविष्यनिर्वाह निधी घाईने काढून विमानाच्या तिकिटात घालणे हा मोठा तोटा ठरू शकतो.

आता परकीय चलनाचा कायदा. येथे व्यवसायबंधूंचाही घोटाळा होताना आम्ही पाहिला आहे. 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन अधिनियमाप्रमाणे नोकरीसाठी देश सोडणारा माणूस निघाल्या दिवसापासून अनिवासी होतो. म्हणजे दसऱ्यानंतर गेलेला आपला अभियंता त्याच वर्षी प्राप्तिकरासाठी निवासी आणि चलनासाठी अनिवासी असतो. त्याचे साधे बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात बदलावे लागते, आणि आपल्या जिल्ह्यांत हे ‘साधे खाते’ बहुधा कोठे असते हे सांगायला नको. उसाचे बिल जिल्हा मध्यवर्ती बँकेत, आईच्या दागिन्यांशेजारी जपलेल्या ठेवपावत्या गावच्या पतसंस्थेत, आणि कारखान्याचा सभासद म्हणून मिळालेला भाग वडिलांनी कौतुकाने मुलाच्या नावे करून दिलेला. पतसंस्थेला अनिवासी खाते चालवण्याची मुभा नाही. सहकारी बँकांपैकी कोणाला आहे हे त्या बँकेस लेखी विचारावे, आणि नसेल तर परवानाधारक बँकेत खाते उघडून, कारखान्याच्या शेतकी खात्यास त्याचा क्रमांक कळवून, मगच मुलाला विमानतळावर न्यावे. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते असेल तर ते मुदतीपर्यंत चालू राहते, नवे उघडता येत नाही.

जमिनीचा विषय याहून नाजूक. अनिवाशाला शेतजमीन विकत घेता येत नाही; वडिलोपार्जित वारशाने आलेली ठेवता येते, आणि विकायची तर ती भारतात राहणाऱ्यासच. परदेशी गेलेल्याची पहिली इच्छा बांधाला लागून असलेला शेजाऱ्याचा तुकडा घेण्याची असते, ही आपल्या मातीची ओढ आहे आणि तिचा आम्हांस आदरच आहे. पण म्हणून पैसा धाकट्याचा आणि खरेदीखत थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावे, असा जो मार्ग गावोगाव सुचवला जातो तो बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कचाट्यात सापडणारा आहे, कारण भावाच्या नावासंबंधीची सूट दोघांची नावे संयुक्त मालक म्हणून दस्तात असतील तरच मिळते, आणि संयुक्त नाव घालायचे तर पुन्हा चलनाचा कायदा आड येतो. भावाने भावास खरोखर बक्षीस दिले आणि त्याने स्वतःसाठी जमीन घेतली, तर गोष्ट वेगळी. मग ती त्याचीच, हे धाकट्याने मनाशी पक्के समजून घ्यावे. बंधुप्रेमाने सुरू झालेले व्यवहार पुढे दिवाणी न्यायालयात कसे संपतात, हे आपण पुरेसे पाहिले आहे.

म्हणून सातबारा आणि आठ-अ काढून पाहणे, वडिलांच्या पश्चात राहून गेलेली वारसनोंद आणि फेरफार मार्गी लावणे, सामाईक क्षेत्राचे वाटप करायचे असल्यास ते करून घेणे, आणि आई, पत्नी वा भाऊ यांच्या नावे नेमक्या अधिकारांचे, मुदतबंद मुखत्यारपत्र नोंदवून ठेवणे, ही कामे निघण्यापूर्वीची आहेत. परदेशात केलेले मुखत्यारपत्र वकिलातीतून साक्षांकित करून आणावे लागते आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अर्ध्या दिवसात होणारे हे काम तेथून करायचे तर नोकरीची रजा, वकिलातीची वेळ आणि टपाल यांत कित्येक आठवडे जातात.

कर आणि जमिनीपलीकडचीही एक बाब आहे. दहावी न झालेल्या कामगाराच्या पारपत्रावर उत्प्रवास तपासणीची अट असते आणि अठरा देशांत नोकरीस जाताना त्याला उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. नोंदणीकृत दलालाला घेता येणारे सेवाशुल्क 30,000 रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर, एवढेच आहे. याहून अधिक रक्कम मागणारा किंवा पर्यटक व्हिसावर जा, तेथे कागद होतील असे सांगणारा दलाल पक्षकाराच्या तोंडून कानी आला, तर ‘हा आपला विषय नव्हे’ म्हणून गप्प बसू नये. जमीन गहाण टाकून भरलेली ती रक्कम पुढे आपल्याच वहीत बुडीत म्हणून लिहावी लागते.

सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज, विटा, तासगाव येथील सर्व व्यवसायबंधू-भगिनींना आमची विनंती आहे की, आपल्या दफ्तरातील ज्या घरांतून यंदा कोणी परदेशी जाणार आहे त्यांची यादी या आठवड्यात करावी, आणि तिकीट काढण्यापूर्वी त्या मुलास वा मुलीस आईवडिलांसह बोलावून घ्यावे. जन्मभर शेती केलेल्या वडिलांना हे कायदे समजावण्यास तास-दोन तास लागतील. ते द्यावेत, आणि पहिल्या भेटीचे शुल्क घेऊ नये. यंदा 28 सप्टेंबर सोमवारी येतो.