‘ऱ’ची फाईल आणि सिल्वासाची मराठी

‘फाईलचे नाव इंग्रजीत ठेवा, म्हणजे भानगड नाही’, असा सल्ला संगणकवाले बिनदिक्कत देतात, आणि सिल्वासात तो चटकन पटतो. इथे घरात वारली, कोकणा किंवा धोडिया, बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी-इंग्रजी. मराठी उरते शाळेच्या दप्तरात, मंडळाच्या वहीत आणि तलासरीकडच्या पत्रव्यवहारात. दर २ ऑगस्टला मुक्तिदिनी सुधीर फडक्यांचे नाव घेऊन आपला ऊर भरून येतो. उरलेले वर्षभर मराठी कुठे नांदते, तेही पाहावे.

भानगड खरी आहे, हे आधी मान्य करू. एकच फोल्डर दोन-तीन संगणकांवर सारखे ठेवायचे, यालाच सिंक करणे म्हणतात. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाची फाईल अशी फिरवून पाहा. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असा फोडून. छापखान्यांचा आवडता मॅक त्याच्या जुन्या एचएफएस प्लस या साठवण-पद्धतीत नावे फोडूनच ठेवी. विंडोज आणि लिनक्स मात्र जसे आले तसे ठेवतात. वर तिसरा प्रकार आहेच. काही टंकपद्धती ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून तोच आकार उमटवतात. डोळ्यांना तिन्ही नावे एकच, यंत्राला तीन वेगळी.

परिणाम काय? एकाच फोल्डरात हुबेहूब नावाच्या दोन याद्या. दुरुस्ती एकीत होते आणि छपाईला दुसरी जाते. ज्याचे नाव दुरुस्तीत घातले, तो माणूस अनुदानाच्या यादीतून गळतो. सिंक करणारा प्रोग्राम एका बाजूची हुबेहूब नक्कल दुसरीकडे ठेवणारा असेल, तर तो ‘ही जास्तीची’ म्हणून एक फाईल पुसूनही टाकतो.

आता गंमत अशी, की हा ‘ऱ’ हिंदी-गुजरातीच्या रोजच्या लेखनात नाही. त्यामुळे वापीहून आलेला तंत्रज्ञ हिंदी नावांची फाईल इकडून तिकडे पाठवतो, ती नीट पोहोचते आणि तो ‘सब ठीक’ म्हणून निघून जातो. अडते ते मराठीचे, आणि तक्रार केली की मराठीच हट्टी ठरते.

काही पथ्ये आपणही पाळावीत. जावक क्रमांकातली तिरपी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हे विंडोज नावात घेतच नाही. तिथे आडवी रेघ द्यावी. नाव ‘जि.’सारख्या टिंबावर संपवू नये. नावे आटोपशीर ठेवावीत. लिनक्सवर नावाला सामान्यतः २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट खाते. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपले पाहिजे. आपल्या कार्यालयांना विषयाचे अख्खे वाक्यच नाव म्हणून देण्याची सवय आहे, ती जरा आवरावी.

पण ‘ऱ’ सोडून देणे हे पथ्य नव्हे. फोडलेली अक्षरे पुन्हा अखंड करून मगच नावे ताडण्याची सोय युनिकोडच्या नियमांतच आहे. ‘गिट’ या प्रोग्रामने मॅकसाठी ती २०१२ सालीच केली. अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार मात्र या नियमात बसत नाही. त्यासाठी कार्यालयाने अखंड ‘ऱ’ हाच प्रमाण ठरवून जुनी नावे एकदा बदलून घ्यावीत. दोन दिवसांचे काम आहे.

२०२० साली दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले. यापुढे दप्तराचे संगणकीकरण जो ठेकेदार करील, त्याच्यापुढे तीन फाईली ठेवाव्यात : ‘कऱ्हाड’, ‘बिऱ्हाड’, ‘शेतकऱ्यांची यादी’. मॅक, विंडोज आणि लिनक्स अशा तिन्हींवरून फिरून त्या तीनच परत आल्या, तरच त्याचे बिल मंजूर करावे.