जिप्सी बंद झाली, हप्ते नाही : गेट उघडायच्या आधी पैसा टायरला लावायचा की क्लचला?

एकोडी (ता. साकोली) : इकडे रोवणी सुरू आहे आणि नवेगाव-नागझिराचे गेट पावसाळ्यासाठी बंद. पिटेझरी भागातल्या सफारीच्या जिप्स्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत. गेट १ ऑक्टोबरला उघडेल. तोवर मालकाला एक रुपयाची कमाई नाही, पण गाडीचं काम मात्र याच तीन महिन्यांत करून घ्यावं लागते.

मूळ अडचण अशी की ही गाडी आता बनतच नाही. मारुतीने जिप्सी १९८५ मध्ये आणली आणि सामान्य ग्राहकासाठी २०१९ मध्ये बंद केली. म्हणजे २०१३ च्या डिसेंबरात आपला व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, पर्यटक वाढले, गावातल्या पोरांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या आणि पाच-सहा वर्षांत गाडीच बाजारातून गेली. जून २०२३ मध्ये जिम्नी आली, तिची किंमत सुरुवातीलाच साडेबारा लाखांच्या वर. शिवाय छत बंद. वाघ पाहायला आलेला माणूस काचेतून पाहायला तयार नसतो. म्हणून जुनी जिप्सीच दुरुस्त करून चालवायची, दुसरा रस्ता नाही.

आता पैसा कुठे लावायचा? बरेच मालक पहिले मोठे टायर, उंच सस्पेन्शन आणि लाईट लावतात. गाडी दिसते दमदार, पर्यटक फोटो काढतो. पण हिशेब करून पाहा. जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याजागी २३५/७५ टाकला की चाकाची उंची जवळपास दहा टक्के वाढते. काटा ३० दाखवते तेव्हा गाडी ३३ ने चालत असते, आणि चाकावरची ओढ तेवढीच कमी होते. इंजिन १.३ लिटरचं, ८० हॉर्सपॉवर. गाडी टनभराची, त्यावर सहा पर्यटक, गाइड आणि ड्रायव्हर, म्हणजे आणखी अर्धा टन. नाल्याच्या चढावर ड्रायव्हर मग अर्धा क्लच धरून गाडी ओढते.

साकोलीतल्या एका मिस्त्रीने मला सरळ सांगितलं, "भाऊ, टायर मोठा टाकला तं क्लचप्लेट मले दरसाल विकता येते."

हे ट्रॅक्टरवाल्याला समजावून सांगायची गरज नाही. चिखलणीत अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर रेटला की काय होते ते मी स्वतः ऐन रोवणीत भोगलं आहे. चार दिवस बांधी तशीच, परे वाळत.

खरा पैसा खाली लावायचा असते, जिथे पर्यटकाची नजर जात नाही. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकाच वेळी बदला, कारण गिअरबॉक्स खाली उतरवायची मजुरी तेवढीच लागते. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पाहा. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, रबरी माउंटवर बसलेली असते. ते रबर फाटलं की केस हलते, कंप येते आणि क्रॉस लवकर जातात. हा किरकोळ किमतीचा तुकडा बहुतेक लोक विसरतात. नाल्यातून पाणी कापणाऱ्या गाडीच्या डिफ्रन्शियलचं ऑइल काढून पाहा. दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलं आहे. सील बदला, नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

आणखी एक. फोर-व्हील लावून डांबरी रस्त्याने गाडी चालवू नका. पुढची-मागची चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत, तो ताण कुठे सोडायला जिप्सीत सोय नाही, आणि तो सरळ गिअरवर येते. लो-गिअर चढासाठी आहे, तो तिथे न घाबरता टाका. क्लच वाचते.

काही जण डिझेल इंजिन बसवायच्या गोष्टी करतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल चालणार नाही. मोटार वाहन कायद्यात अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आणि आठ वर्षांवरच्या टॅक्सी-पासिंग गाडीला दरवर्षी फिटनेस लागते. तिथे गाडी नापास झाली तर ऐन हंगामात उभी राहील, हप्ता मात्र बँक कापणारच.

सैन्याने २०२३ मध्ये जुनी जिप्सी इलेक्ट्रिक करून दाखवली. जंगलात आवाज नाही, धूर नाही, आणि क्लच जळायची भानगडही नाही. पण मंजूर किट, बॅटरीचा खर्च आणि गेटजवळ चार्जिंगची भरवशाची लाईन, हे तिन्ही एकट्या मालकाच्या आवाक्यातलं नाही. व्याघ्र प्रकल्पाला आणि जिल्हा परिषदेला गावच्या पोरांचा रोजगार टिकवायचा असेल तर अनुदानाचा विचार इथे व्हायला पाहिजे. तसा प्रस्ताव ग्रामसभेतून पाठवता येतो.

सध्या मालकांनी एवढं करावं : पार्ट घेताना पक्कं बिल मागा. जिप्सीच्या नावाने नकली क्रॉस आणि बेअरिंग सर्रास विकले जातात. आणि मिस्त्रीकडे ऑगस्टमध्येच जा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांच्या गाड्या एकाच दारात उभ्या असतात.