'स्टाइल्स'मधला खून आणि समीक्षेचा आळस

अभिजनांच्या हवेलीत घडणारी इंग्रजी रहस्यकथा ढळलेली व्यवस्था पूर्ववत करते आणि वाचकाला निश्चिंत करून झोपी पाठवते, हे विधान मराठीत लोकप्रिय साहित्याच्या चर्चेत आता इतके रुळले आहे की त्यासाठी रहस्यकथा वाचण्याची गरज उरलेली नाही. त्याचे मूळ डब्ल्यू. एच. ऑडेन यांच्या 'द गिल्टी व्हिकारेज' (१९४८) या निबंधात सापडते. ऑडेन निदान या कथांचे व्यसनी वाचक होते. त्यांचे सूत्र उचलणाऱ्यांना व्यसनही नाही आणि वाचनही नाही. (बाबूराव अर्णाळकरांचे नाव वर्गात निघते तेही पुस्तकांची संख्या सांगण्यापुरते.)

या सूत्राची परीक्षा अगाथा ख्रिस्ती यांच्या पहिल्याच कादंबरीवर घ्यावी. 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' पहिले महायुद्ध चालू असताना लिहिली गेली. १९२० मध्ये ती अमेरिकेत व १९२१ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. एसेक्समधील स्टाइल्स कोर्ट, त्याची श्रीमंत वृद्ध मालकीण एमिली इंगलथॉर्प, तिच्या पैशावर जगणारे दोन सावत्र मुलगे, आणि तिने नुकताच केलेला, वयाने पुष्कळच लहान असलेला नवरा आल्फ्रेड. खुनी आल्फ्रेडच निघतो. साथीदार निघते एव्हलिन हॉवर्ड, घरातली पगारी सोबतीण. सूत्रवाद्यांना येथे पुरावाच हाती लागल्यासारखे वाटते : दोष उपऱ्यांवर टाकला गेला, कॅव्हेंडिश घराण्याचे रक्त निष्कलंक राहिले.

परंतु हे वाचन शेवटचे पान पाहून केलेले आहे. आल्फ्रेडविषयीचा तिरस्कार घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी पहिल्यापासून आहे, आणि त्याची सारी योजना या तिरस्कारावरच उभी आहे. आपल्याला तत्काळ अटक व्हावी, अशीच त्याची इच्छा असते. त्याची काळी दाढी व चष्मा लावून, त्याच्या नावाने, एव्हलिन गावातल्या औषधविक्रेत्याकडून स्ट्रिक्निन विकत घेते. हे विष खुनासाठी लागतच नाही, ते केवळ संशय पेरण्यासाठी. खटला उभा राहावा, त्याने आपण त्या वेळी अन्यत्र होतो हे साक्षीदारांनिशी सिद्ध करावे आणि निर्दोष सुटावे; कारण तेव्हाच्या इंग्रजी कायद्यानुसार एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नसे. म्हणून पॉयरोला काही काळ खुन्याची अटक टाळण्यासाठी झटावे लागते. अभिजनांचा पूर्वग्रह आणि देशाचा कायदा, व्यवस्थेचे हे दोन्ही आधारस्तंभ खुन्याची हत्यारे होतात. एव्हलिनवर संशय येत नाही, तो ती आल्फ्रेडचा सर्वांहून मोठ्या आवाजात द्वेष करते म्हणून. ज्या संहितेत वर्गीय घृणा हेच गुन्ह्याचे साधन आहे, ती संहिता त्या घृणेला नुसतीच दुजोरा देते, असे कोणत्या आधारे म्हणायचे?

शिवाय पूर्ववत व्हायला पूर्वी काही स्थिर असावे लागते. स्टाइल्समध्ये पाच माळ्यांचे तीन झाले आहेत, कागदाचा कपटाही जपून पोत्यांत भरला जातो. मालकीण मृत्युपत्रे बदलत राहते, आणि पुनर्विवाहामुळे आधीचे मृत्युपत्र कायद्यानेच रद्द झालेले असते. ऐन उकाड्यात ती आपल्या खोलीत शेकोटी पेटवायला लावते. नवे मृत्युपत्र जाळण्यासाठी. रहस्याची किल्लीही दिवाणखान्यात नाही, ती रुग्णालयाच्या औषधकोठीत आहे : टॉनिकमध्ये ब्रोमाइड पडले की स्ट्रिक्निनचा साका तळाशी बसतो आणि शेवटचा डोस प्राणघातक ठरतो. ख्रिस्ती यांनी युद्धकाळात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधे बनवण्याचे काम केले होते.

दिवाणखान्यातील अखेरच्या उलगड्याला तर या वर्गाच्या विचारप्रणालीचे रूपचिन्ह मानण्याची प्रथाच पडली आहे. मूळ हस्तलिखितात हा उलगडा पॉयरो न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून करतो. प्रकाशक जॉन लेन यांच्या सांगण्यावरून ते प्रकरण बदलले गेले. मूळ पाठ जॉन करन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. रूपबंधातून थेट विचारप्रणाली वाचणाऱ्यांनी प्रकाशकाच्या या हस्तक्षेपाचे काय करायचे, ते सांगावे.

विचारप्रणालीचा आरोप खरोखर जेथे लागू पडतो, तेथे मात्र हे समीक्षक फिरकत नाहीत. डॉ. बावरस्टाइन हा विषतज्ज्ञ ज्यू आहे, पात्रे त्याविषयी हिणकस बोलतात, आणि पुढे तो जर्मनांचा हेर ठरतो. आल्फ्रेडच्या बाबतीत पूर्वग्रह हा सापळा होता. येथे कादंबरी त्याला मुकाट्याने खरा ठरवते, आणि त्यावर पॉयरोही कुठे थांबत नाही.