डब्यातील भाकरी

बार्शी हे नाव बारस, म्हणजे द्वादशी, या तिथीवरून पडले असे तेथील लोक मानतात. एकादशीचा उपवास द्वादशीला सोडावयाचा असतो. भागवतातील अंबरीष राजाने ती वेळ टळू नये म्हणून केवळ पाण्याचा घोट घेऊन उपवास सोडला आणि त्याबद्दल दुर्वास ऋषी त्याच्यावर कोपले. राजाच्या रक्षणासाठी धावून आलेला भगवंत येथेच राहिला, अशी बार्शीची कथा आहे. पंढरपूरची एकादशी झाली की अनेक भाविक द्वादशीला बार्शीच्या भगवंत मंदिरात दर्शनाला येतात. अशा गावात साध्या अन्नाचे मोल कोणास निराळे सांगावे लागू नये. परंतु तेथील काय किंवा महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही गावातील काय, शाळेची मधली सुट्टी पाहिली तर मनात शंका येते.

मुले घोळक्याने डबे उघडून बसतात. कोणाजवळ बिस्किटांचा पुडा असतो, कोणाजवळ चकचकीत पुडीतील खारट चकत्या असतात. ज्याच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी असते, तो मात्र डब्याचे झाकण अर्धेच उघडतो आणि भाकरी हाताआड करून घाईघाईने खातो. भूक त्यालाही इतरांसारखीच लागलेली असते. त्याला भाकरी आवडत नाही असेही नाही. घरी हाच मुलगा ती मिटक्या मारीत खातो. चारचौघांत मात्र त्याला तिची लाज वाटते.

ही लाज कोठून आली? सोलापूर जिल्ह्यात पाऊस बेताचा. तेथील काळी जमीन पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवर थंडीत वाढते. म्हणून ज्वारी हे इकडचे रोजचे धान्य झाले. गहू सणाचा, पोळी पाहुण्याची. भाकरी मात्र नांगर धरणाऱ्याची, खुरपे चालवणाऱ्याची. जे रोज मिळते त्याची किंमत कमी, आणि जे कष्टकरी माणूस खातो ते हलके, असा चुकीचा हिशेब समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केला. मुले तो हिशेब घरीदारी ऐकतात आणि डब्याच्या झाकणापर्यंत घेऊन जातात.

आता तर तो हिशेबही उलटला आहे. गेल्या काही वर्षांत ज्वारीचा भाव पुष्कळदा गव्हाहून चढा राहिला. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. पौष महिन्यात कोवळ्या कणसांचा हुरडा खाण्यासाठी शहरातील माणसे पैसे मोजून शेतावर जातात, आगटीभोवती बसतात आणि हात काळे करून घेतात. ज्याच्या शेतात हे सारे पिकते, त्याच्याच मुलाने भाकरी लपवावी, हे मोठे नवल आहे.

भाकरी ही सोपी गोष्ट आहे, असा आणखी एक गैरसमज आहे. गव्हाच्या कणकेत एक चिकट द्रव्य असते. त्यामुळे ती ताणली तरी तुटत नाही आणि सहज लाटता येते. ज्वारीत ते द्रव्य नाही. मग पीठ एकत्र धरायचे कसे? त्यावर घरोघरीच्या स्त्रियांनी तोड काढली. पिठात कढत पाणी घालावयाचे, म्हणजे त्यातील पिष्टमय भाग फुलून चिकट होतो; मग ते तळहाताने खूप मळावयाचे. पीठ जुने झाले तर त्याची विरी जाते आणि भाकरीच्या कडा फाटतात, म्हणून दळण थोडे थोडेच आणावयाचे. थापलेली भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवावयाचे. ते पाणी सुकते न सुकते तोच ती उलटावयाची. एक क्षण लवकर झाले तरी बिघडते आणि उशीर झाला तरी तडे जातात. नीट जमली तर शेवटी निखाऱ्यावर ती टम्म फुगते. यातील कोणतीही गोष्ट त्या स्त्रियांना शाळेने शिकवली नव्हती.

कडक भाकरी हा तर या विद्येचा कळस होय. ती पापडासारखी पातळ थापतात आणि मंद आचेवर तिच्यातील सारे पाणी जाईपर्यंत भाजतात. बुरशीला वाढण्यासाठी ओल लागते. जेथे ओलच नाही तेथे बुरशी काय करणार? त्यामुळे अशी भाकरी कोरड्या जागी पुष्कळ दिवस टिकते. लांबच्या प्रवासाला याहून चांगली शिदोरी सापडणे कठीण. १८९७ साली कुर्डुवाडी आणि बार्शी यांच्यामध्ये अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी आगगाडी धावू लागली. आज तेथे रुंद मार्ग आहे आणि जुनी गाडी गेली. कडक भाकरी मात्र अजून प्रवासाला निघते आणि परगावी शिकणाऱ्या मुलांच्या पेटीत जाऊन बसते.

तिच्या जोडीला शेंगदाण्याची चटणी हवीच. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ एवढाच तिचा पसारा. परंतु ती उखळात कुटलेली असावी. दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मे तेल असते. कुटताना दाणा चेपला जातो, ते तेल सुटते आणि तिखटमीठ त्यात मुरते. यंत्राचे पाते दाणे नुसते चिरत जाते. त्याने घाईत केलेली चटणी बहुधा कोरडी भुकटी होते. जाणत्या जिभेला हा फरक पहिल्या घासातच कळतो.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पूर्वापार आपली म्हणून ज्या चटणीचा अभिमान धरावयाचा, तिच्यातील मिरची आणि भुईमूग हे दोघेही मुळात परदेशी. दोघांचीही जन्मभूमी अमेरिका खंडात. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, त्यानंतर ही पिके जहाजांतून जगभर पसरली आणि भारतातही आली. ज्वारीचे मूळही आफ्रिकेत आहे. ती मात्र हजारो वर्षांपूर्वीच इकडे येऊन स्थिरावली. भाकरीवर कोणी तीळ लावले तर तेवढे तीळ अस्सल भारतातले म्हणता येतील! म्हणून परक्याचे ते वाईट आणि आपले ते चांगले, असा वाद भाकरीच्या नावाने घालणे व्यर्थ आहे. दूरदेशीची ही पिके बार्शी-सोलापूरच्या मातीत रुजली, तेथील हातांनी त्यांना वळण लावले आणि ती तेथील झाली.

धान्य तेच असले तरी माणसाला आपल्या चवीची किती ओढ असते, हे १९७२ च्या दुष्काळात दिसून आले. त्या वेळी महाराष्ट्राची पिके बुडाली आणि रेशनच्या दुकानांतून परदेशी तांबडी ज्वारी मिळू लागली. लोक तिला मिलो म्हणत. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांना सुकडी वाटली जाई. त्या अन्नाने असंख्य जीव जगवले, म्हणून त्याला नावे ठेवणे बरे नव्हे. तरीही मिलोची तांबूस, राठ भाकरी खाताना आपल्या शेतातील शुभ्र भाकरीची आठवण होई, असे त्या काळातील वृद्ध माणसे अजून सांगतात. पोट भरल्यावरही काहीतरी उणे राहते, ते हेच.

भाकरीची थोरवी एवढी गाइल्यावर एक प्रश्न टाळता येणार नाही. ही भाकरी थापते कोण? घरच्या खाऊचे गोडवे गाणारी माणसे बहुधा पाटावर बसलेली असतात. चुलीपुढे बसलेली व्यक्ती दुसरीच असते. घरात पाच माणसे असली तर सकाळ-संध्याकाळ मिळून पंधरा-वीस भाकऱ्या सहज होतात. पूर्वी धुराने डोळे चुरचुरत. आता गॅस आला तरी उन्हाळ्यातील तव्याची धग काही कमी झालेली नाही. शेतातून किंवा कचेरीतून दमून आलेल्या आईने एखाद्या दिवशी बिस्किटांचा पुडा हातावर ठेवला, तर तिला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? ज्याने जन्मात एक भाकरी थापली नाही, त्याला तर मुळीच नाही.

सोलापूर जिल्ह्यात आज अनेक महिला बचत गट कडक भाकरी आणि शेंगांची चटणी तयार करून विकतात. विकतची भाकरी घरची कशी, असे काहीजण नाक मुरडून विचारतात. हा आक्षेप पटण्यासारखा नाही. जे काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट करून घेतले, त्याचे दाम ते करणारीच्या हाती पडत असेल तर भाकरीची चव त्याने उतरत नाही. विकतचा माल म्हणून तिला पुडीतील चकत्यांच्या रांगेत बसवणेही योग्य नाही. ती पुडी फुगलेली दिसते ती बहुतांशी आतील वायूमुळे. भाकरीत जे आहे ते सारे चावावे लागते.

घरातील काम मात्र वाटून घ्यावे लागेल, आणि ते केवळ मुलींनी नव्हे. उखळात चटणी कुटावयास बारा वर्षांच्या मुलाचे हात पुरेसे बळकट असतात. रात्रीची भाकरी उरली तर सकाळी ती कुस्करून, कांदा, मिरची व हळद यांची फोडणी देऊन, वर ताकाचा हबका मारून न्याहारी करणे, हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली त्याला पहिल्याच दिवशी जमेल. थापणे शिकावयास मात्र वेळ लागतो. पहिली भाकरी परातीतच फाटते. दुसरी तव्यावर जाता जाता मोडते. तिसरीला आकार येतो, तो बहुधा एखाद्या देशाच्या नकाशाचा. तोपर्यंत पहिल्या दोन भाकऱ्यांचे तुकडेही भाजून झालेले असतात. ते गरम दुधात गूळ घालून कुस्करले तर वाटी पुसून खावेसे वाटतात.